एसीखाली छत्री

अक्का पहिल्यांदा आमच्या विद्यापीठात आल्या, तेव्हा मी त्यांना दाराबाहेर बसवलं. नुसतं बसवलं नाही, वर सांगितलं, "मावशी, कॅन्टीनचा माल मागच्या गेटनं द्यायचा असतो."

माझी फार चूक नव्हती, असं मी अजूनही म्हणतो. पायात कॅनव्हासचे बूट, अंगावर सुती पातळ, हातात पुरुषी काळी छत्री आणि बगलेत बिबड्यांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. बिबडे म्हणजे आमच्या खानदेशातले ज्वारीचे ताटाएवढे पापड. अशी बाई प्रशासकीय इमारतीत शिरली तर माणूस काय समजणार? मी तक्रार निवारण समितीचा सचिव, आणि तेव्हा हातात पुष्पगुच्छ घेऊन समितीच्या नव्या अध्यक्षांची वाट बघत होतो. त्यांच्यासाठी धुळ्याला गाडी पाठवली होती. गाडी धुळ्यात थांबली होती, अध्यक्षा एसटीनं येऊन माझ्यासमोर उभ्या होत्या आणि मी त्यांना मागचं गेट दाखवत होतो.

त्या दाराबाहेरच्या बाकावर तासभर बसून राहिल्या. त्या दिवशी कुठल्याशा विषयाच्या मुलाखती होत्या. उमेदवार त्याच बाकावर बसून कुजबुजत होते: कोणाची जागा आधीच ठरलीय, कोणाला नुसतं शोभेला बोलावलंय. तासाभरानं धुळ्याहून ड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, मॅडम तर सकाळच्या एसटीनं निघून गेल्या म्हणे," आणि माझ्या हातातला पुष्पगुच्छ आपोआप खाली आला. मी धावत बाकापाशी गेलो.

"बाक चांगला शे," त्या म्हणाल्या. "आतल्या खुर्च्यांपेक्षा इथं जास्त कळतं. दर गुरुवारी मी आधी इथंच बसणार. आणि ती फुलं त्या पोरीला दे, सकाळपासून उपाशी बसलीय. खाता येत नाहीत, पण कोणी विचारलं तरी असं वाटेल."

पुढची दोन वर्षं त्यांनी ते पाळलं.

मला एक खोड आहे. कचेरीत जे घडतं ते मी संध्याकाळी घरी येऊन सांगतो. कोण कोणाशी भांडलं, कोणाच्या डब्यात भरीत होतं, कोण बैठकीत घोरलं, सगळं. माझी बायको पाचोऱ्याची. ती लसूण सोलता सोलता ऐकते आणि मधूनमधून "बरं, मग?" म्हणते. त्या गुरुवारी मी पुष्पगुच्छाची फजिती सांगितली तेव्हा ती एवढी हसली की लसूण खाली सांडला. त्यानंतर दर गुरुवारी मी चपला काढायच्या आत तिचा प्रश्न यायचा, "आज काय केलं तुमच्या अक्कांनी?"

आणि अक्का काहीतरी करायच्याच.

आमच्या सभागृहातल्या एसीचं तोंड नेमकं अध्यक्षांच्या खुर्चीवर. बाहेर जळगावचं ऊन डांबर वितळवत असताना आत साहेब लोक कोट घालून बसतात. पहिल्याच सुनावणीला अक्कांनी वर बघितलं, छत्री उघडली आणि डोक्यावर धरून म्हणाल्या, "हं, पहिली तक्रार वाच." कुलसचिव म्हणाले, "मॅडम, एसी बंद करू का?" तर म्हणाल्या, "नको. तुम्हाला सवय शे, तुम्ही आजारी पडाल." तेव्हापासून आमच्या सुनावण्या छत्रीखालून झाल्या. कोण खरा वक्ता आहे हे छत्रीसमोर कळतं. भले भले विषयतज्ज्ञ पहिल्या वाक्यालाच अडखळायचे.

आमच्याकडे खुर्चीला टॉवेल असतो. साहेब जेवढा मोठा तेवढा टॉवेल पांढरा. अक्कांच्याही खुर्चीला मी नवाकोरा टॉवेल लावला होता. त्यांनी तो काढला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला. मग शेजारी बसलेल्या अधिष्ठात्यांकडे वळून अगदी मायेनं विचारलं, "तुमचा का शे अजून? आंघोळ राह्यनी का?" अधिष्ठाते विज्ञान शाखेचे प्रमुख. त्यांना आयुष्यात असं कोणी विचारलं नव्हतं. पुढच्या गुरुवारपासून सभागृहातले सगळे टॉवेल आपोआप नाहीसे झाले. टॉवेल गेल्यावर सगळ्या खुर्च्या सारख्याच दिसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

अक्का धुळ्याच्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. साहेबांशी त्या पुस्तकी मराठीत बोलायच्या, आमच्यासारख्यांशी अहिराणी मिसळून. साहेबांशी अहिराणी सुरू झाली की साहेबांनी सावध व्हावं आणि माझ्याशी शुद्ध मराठी सुरू झाली की मी.

त्यांच्या आधी आमची समिती फार शांत होती. नेमणुकीत अन्याय झाला, असा कोणाचा अर्ज आला की मी पाच प्रती मागायचो. पाच प्रती आल्या की एक दाखला कमी निघायचा. दाखला आला की बैठकीची गणसंख्या भरायची नाही. शेवटी माणूस थकला की मी फाइलवर शिक्का मारायचो: 'तक्रारदाराचे समाधान झाले.' शिक्का मीच बनवून घेतला होता, कारण तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहून माझा अंगठा दुखायचा. अक्कांनी तो शिक्का मागवला, उलटा करून वाचला आणि बिबड्यांची पिशवी एसीच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर ठेवला. दोन वर्षं त्यानं तेवढंच काम केलं. शिक्क्याच्या आयुष्यातलं ते पहिलंच प्रामाणिक काम असावं.

बिबडे सुनावणीसाठीच असायचे. तक्रार करणारा असो, ज्याच्यावर तक्रार तो असो, प्रत्येकापुढे एकेक भाजलेला बिबडा. "बिबडा खाताना मोठेपणा टिकत नाही," असं त्या म्हणायच्या. ते खरं होतं. तोंडातून कर्रकर्र आवाज येत असताना आणि कोटावर चुरा सांडत असताना 'आमची निवड प्रक्रिया पूर्णतः पारदर्शक आहे' हे वाक्य कोणालाही बोलता येत नाही. आमच्या अधिष्ठात्यांनी प्रयत्न केला आणि त्यांना ठसका लागला.

एकदा एका उमेदवार बाईंची तक्रार आली. मुलाखतीत त्यांना विचारलं होतं की मूल लहान आहे, मग सांभाळणार कोण? अधिष्ठाते म्हणाले, "सहज विचारलं. काळजीपोटी." अक्का म्हणाल्या, "छान. काळजी सगळ्यांचीच करायला हवी." आणि छत्री सावरून त्यांनी अधिष्ठात्यांनाच विचारायला घेतलं. "तुम्हाला मुलं किती? दोन. तुम्ही प्राध्यापक झालात तेव्हा धाकटं केवढं होतं? आठवत नाही? बरं. त्याला भरवायचं कोण? तुमचा डबा कोण करतं? त्या माहेरी गेल्या तर कॉलेज बंद ठेवता का?" मी इतिवृत्त लिहीत होतो. त्यात सगळी उत्तरं आहेत. 'डबा: पत्नी. धाकटे अपत्य: आठवत नाही.' त्या बाईंची मुलाखत पुन्हा झाली.

हे सगळं मी घरी रंगवून सांगायचो. मुलगासुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकायचा. मी जणू अक्कांचा उजवा हातच, असं ऐकणाऱ्याला वाटावं इतपत मीठमसाला मी घालायचो. प्रत्यक्षात माझं काम बिबडे वाढणं आणि चुरा झाडणं.

मग रमिलाची तक्रार आली.

रमिला सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट. रानातल्या कंदांवर तिचं काम, आणि नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबानं नेमलेली, उन्हाळ्यात बेकार. विद्यापीठात कायम सहायक प्राध्यापकाची एक जागा निघाली, खुल्या प्रवर्गातली. तिनं अर्ज केला. मुलाखतीत अधिष्ठाते म्हणाले, "तुमच्यासाठी राखीव जागा निघतातच की. मग इथं कशाला गर्दी?" आणि बाकीचे तिघे हसले. निवड दुसऱ्याची झाली. अर्जात तिनं एवढंच लिहिलं होतं, पाचही प्रतींवर, सुवाच्य अक्षरात. दाखला एकही कमी नव्हता.

सुनावणीच्या सकाळी ती बाकावर अक्कांशेजारी बसली होती. मी बिबड्यांची पिशवी घ्यायला गेलो.

"सर," ती मला म्हणाली, "आज काय होईल?"

"होईल, चांगलं होईल," मी म्हणालो. बारा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलो होतो.

"जागा गेली तर पुढची कधी निघेल, माहीत नाही. माझं वयही थांबायचं नाही. पण मला जागेइतकंच दुसरं एक कळायला हवंय. मला खरंच येत नाही का? यादीत सगळ्यात कमी गुण मला. मुलाखतीपासून वर्गात फळ्याकडे वळले की हात थांबतो. वाटतं, चौघं शिकलेली माणसं म्हणतात म्हणजे नसेलच येत. तेवढं कोणीतरी खरं सांगा."

मी पिशवी उचलली आणि आत गेलो. मला उत्तर माहीत होतं. पूर्ण नाही, पण उत्तर कुठं आहे ते माहीत होतं.

आता आमच्या निवड समितीची एक पद्धत सांगायला हवी. ती कुठल्याही नियमात लिहिलेली नाही, त्यामुळे कडक पाळली जाते. मुलाखत चालू असताना चारही सदस्य गुणपत्रकावर पेन्सिलीनं गुण लिहितात. शेवटचा उमेदवार गेला की चहा येतो. चहाबरोबर एका ताटलीत रबर येतं. मग 'एकमत' होतं. पेन्सिलीचे आकडे खोडले जातात, ठरलेले आकडे शाईनं येतात, सह्या होतात. रबराचा चुरा एक माणूस छोट्या ब्रशनं झाडून घेतो. रबर आणणारा, ताटली ठेवणारा आणि चुरा झाडणारा तो माणूस म्हणजे मी.

वनस्पतिशास्त्राच्या मुलाखतीच्या दिवशी भांडारात पेन्सिली नव्हत्या. मागणीपत्र मी आदल्या आठवड्यात लिहून स्वतःच्याच ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. सकाळी घरून निघताना आठवलं, तेव्हा मुलाच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या खोक्यातल्या चार पेन्सिली उचलल्या. पेन्सिल म्हणजे पेन्सिल, एवढंच माझं ज्ञान. पण त्या कडक पेन्सिली होत्या, खिळ्यासारख्या. त्या दिवशी अधिष्ठाते कुरकुरलेसुद्धा, "उमटत नाही हो नीट, दाबून लिहावं लागतंय."

दाबून लिहिलं. चौघांनीही.

सुनावणी सुरू झाली. अधिष्ठाते समोर, टॉवेलाशिवाय. कुलसचिव बाजूला. रमिला टेबलाच्या टोकाला, तिच्यापुढचा बिबडा तसाच. अधिष्ठाते म्हणाले, "असा प्रश्न विचारलाच गेला नाही. उमेदवार कमी पडल्या. गुण बोलतात."

"बोलू देत ना," अक्का म्हणाल्या. "गुणपत्रकं आण भाऊ."

मी फाइल दिली. अक्कांनी पहिला कागद हातात घेतला, बोटाचं टोक त्यावरून फिरवलं आणि छत्री मिटली. सुनावणीत छत्री मिटलेली मी पहिल्यांदा बघत होतो. "पडदा सरकव," त्या म्हणाल्या.

मी खिडकीचा जाड पडदा सरकवला. जळगावचं ऊन आत असं घुसलं की कुलसचिवांनी डोळ्यांवर फाइल धरली. अक्कांनी कागद उन्हात तिरपा धरला.

"चौतीस वर्षं पेपर तपासलेत मी. खोडलेला आकडा मला अंधारातही सापडतो, इथं तर ऊन शे. शाईनं लिहिलंय बेचाळीस. खाली काय शे, ते आता हीच वाचेल." त्यांनी कागद रमिलापुढे तिरपा केला. "वाच, बेटा. मोठ्यानं."

रमिला वाकली. थोडा वेळ लागला. "अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली.

दुसरा कागद. "एक्याऐंशी." तिसरा. "अठ्ठ्याहत्तर." चौथा अधिष्ठात्यांचा स्वतःचा. तिनं तो जरा जास्त वेळ बघितला. "चौऱ्याऐंशी. सर, तुम्ही चौऱ्याऐंशी दिले होते?"

अधिष्ठाते कोटावरचा चुरा झटकू लागले.

"मला हे लोक पेन्सिलीत आवडले," अक्का म्हणाल्या. "पेन्सिलीत चौघंही खरे होते. बिघडलं ते चहा आल्यावर."

अधिष्ठाते सावरले. मोठी माणसं लवकर सावरतात. म्हणाले, "मॅडम, कागदावर कसलेही ठसे असू शकतात. वरच्या कागदावरून उमटले असतील. कोणी खोडलं, कधी खोडलं, पुरावा काय?"

अक्का माझ्याकडे वळल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "सचिव महोदय, त्या दिवशी तुम्ही तिथं उपस्थित होतात का?"

शुद्ध मराठी!

त्या वेळी माझ्या तोंडात बिबडा होता. आणि पुढच्याच महिन्यात सहायक कुलसचिव पदासाठी माझी मुलाखत होती. मुलाखत घेणारे कोण? कुलसचिव आणि अधिष्ठाते. दोघंही माझ्याकडे बघत होते, प्रेमानं. मी चावत राहिलो. बिबडा तोंडात असेपर्यंत बोलायचं कारण नव्हतं. सभागृहात फक्त माझा आवाज, कर्र, कर्र. मी अजून एक तुकडा तोंडात टाकला. कुलसचिव म्हणाले, "त्यांना आठवत नसेल, मॅडम. बऱ्याच मुलाखती होतात." किती सोपी वाट काढून दिली माणसानं! मी मानही हलवली असती. पण टेबलाच्या टोकाला रमिला माझ्याकडे बघत होती आणि तिच्यापुढचा बिबडा अजूनही अख्खा होता.

शेवटी सगळं चावून झालं.

"घाबरू नको भाऊ," अक्का एकदम हळू आवाजात म्हणाल्या. "रबर कोणी दिलं?"

"मी," मी म्हणालो. "चहाबरोबर. शेवटचा उमेदवार गेल्यावर. चौघांनीही खोडलं. चुरा मी झाडला."

"त्याच दिवशी फक्त?"

"नाही. दरवेळी. बारा वर्षं."

मला वाटलं, अक्का शाबासकी देतील. एखादं वाक्य तरी, जे मला घरी सांगता येईल. पण बारा वर्षांत किती मुलाखती झाल्या असतील, याचं गणित त्या मांडत असाव्यात. मग म्हणाल्या, "लिख."

"काय?"

"जे बोललास ते. इतिवृत्तात. शाईनं."

मी लिहिलं. माझं अक्षर एरवी बरं आहे. त्या पानावर ते कोंबडीच्या पायांसारखं आलंय. लिहीत असताना टेबलाच्या टोकाकडून मोठ्ठा कर्र असा आवाज झाला. रमिलानं बिबडा मोडला होता. ती खाली बघून खात होती, भूक लागलेल्या माणसासारखी.

पुढचं थोडक्यात सांगतो. ती निवड रद्द झाली. बाहेरची नवी समिती आली, पेनं घेऊन आली, आणि रमिलाची नेमणूक झाली. ती आता वर्गात फळ्याकडे वळते तेव्हा हात थांबतो की नाही, हे मी तिला विचारलं नाही. पण एकदा तिच्या वर्गावरून जाताना दाराबाहेर मीच थांबलो. आत खडूचा आवाज सलग येत होता.

माझ्या त्या चार पेन्सिली पुरावा म्हणून पाकिटात सीलबंद झाल्या. माझी मुलाखतही झाली. मला गुण शाईनं दिले होते. कमीच होते. मग माझी बदली कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या गोदामात झाली. तिथं एसी नाही, त्यामुळे छत्रीचीही गरज नाही.

अक्कांची मुदत संपली तेव्हा निरोप समारंभाला त्या आल्याच नाहीत. मी बाकापाशी गेलो, तर तिथं बसल्या होत्या, पायात तेच बूट. शिक्का त्यांनी मला परत दिला. "मारू नको कुठं," म्हणाल्या. मी काहीतरी भावुक बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी एक बिबडा हातात दिला. त्यांनाही माहीत होतं, मी चावत असलो की बोलत नाही. मग आम्ही गेटापर्यंत चालत गेलो, धुळ्याची एसटी आली आणि त्या चढल्या.

सुनावणीच्या त्या संध्याकाळी मी घरी सगळी हकीकत सांगितली होती. पडदा, ऊन, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, माझं चावणं आणि माझं बोलणं. त्यानंतर पाहुण्यांना सांगितली. धरणगावच्या मेहुण्याला सांगितली. परवा मुलाच्या मित्रांना सांगत होतो. 'मी!' या शब्दापाशी जरा थांबतो मी, परिणाम साधतो म्हणून. मित्र गेले. बायको लसूण सोलत होती. ती "बरं, मग?" म्हणाली नाही.

"अहो," ती म्हणाली, "कचेरीतलं सगळं तुम्ही घरी सांगता. कोणाच्या डब्यात भरीत होतं तेसुद्धा. रबर मात्र बारा वर्षं देत होता, ते एकदाही सांगितलं नव्हतं."